मैत्रिणीकडे माल्टाला, फक्त पाच दिवस

प्रश्न: ताई, कॉलेजची मैत्रीण माल्टाला नर्स आहे, जुलैत ये म्हणतेय, पण मला सुट्टी पाचच दिवस. जाऊ का? – एक वाचक, गिरगाव

उत्तर: अगं जा की! अख्खा देश ३१६ चौरस किलोमीटरचा, आपल्या मुंबईपेक्षाही लहान. फक्त शेंगेन व्हिसाचं (बऱ्याच युरोपीय देशांना चालणारा एकच व्हिसा) आत्ताच बघ, अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो आणि सीझनला अपॉइंटमेंटसाठी रडारड असते. दुपारी ऊन भाजून काढतं, तेव्हा सरळ झोपा काढा आणि राजधानी व्हॅलेटा संध्याकाळी फिरा. एक दिवस फेरीबोटीने गोझो बेटावर जा, साधारण २५ मिनिटं लागतात, आपली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो याहून जास्त वेळ घेते. पास्तिझी (तिथला सारण भरलेला खुसखुशीत पदार्थ) मटारची घे, थेट करंजीची बहीण! आणि मैत्रिणीला मेतकूट ने, चॉकलेटं नकोत.