सगळी मूलद्रव्ये महास्फोटातच तयार झाली का? ताऱ्यांत होतात म्हणतात, त्याला पुरावा काय?

नाही, महास्फोटाच्या वाट्याला फार थोडं श्रेय येतं. पहिल्या काही मिनिटांत वस्तुमानाने साधारण 75 टक्के हायड्रोजन, 25 टक्के हेलियम आणि किंचित लिथियम तयार झालं, आणि गाडं तिथेच अडलं. कारण 5 किंवा 8 वस्तुमानांकाचं, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून 5 किंवा 8 कणांचं, एकही केंद्रक टिकत नाही. हेलियमच्या केंद्रकाला प्रोटॉन चिकटला तर लगेच सुटतो. दोन हेलियम जुळले तर बेरिलियम-8 होतं, तेही क्षणार्धात फुटतं. तोवर विश्व पसरून विरळ आणि थंड होत चाललेलं.

ताऱ्यांपुढेही हाच अडथळा असतो, पण त्यांच्याकडे दाटी आहे आणि भरपूर वेळ आहे. गाभ्यात 10 कोटी अंशांच्या आसपास बेरिलियम फुटायच्या आत कधीतरी तिसरं हेलियम येऊन धडकतं आणि कार्बन होतो. यासाठी कार्बनच्या केंद्रकाला एक ठरावीक ऊर्जापातळी असायलाच हवी, असं खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी आधी सांगितलं आणि मग प्रयोगात ती सापडली!

पुरावा म्हणाल तर मला सगळ्यात पटतो तो टेक्नेशियमचा. हे मूलद्रव्य किरणोत्सारी आहे. त्याच्या सर्वांत टिकाऊ समस्थानिकाचं (प्रकाराचं) अर्धायुष्यही, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, सुमारे 42 लाख वर्षंच. तरी 1952 मध्ये खगोलशास्त्रज्ञ पॉल मेरिल यांना काही तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या वर्णपटात त्याच्या रेषा दिसल्या. ते तारे त्याहून कितीतरी म्हातारे. जन्मतः मिळालेलं टेक्नेशियम केव्हाच संपलं असतं, म्हणजे दिसलं ते तिथेच, अलीकडे तयार झालेलं.

‘लोखंडापर्यंत तारे, पुढचं सगळं सुपरनोव्हा (ताऱ्याचा स्फोट)’ हे नेहमीचं उत्तर मात्र फार ढोबळ आहे. लोखंडाच्या पुढे संमीलनातून, म्हणजे केंद्रकं जुळण्यातून, ऊर्जा मिळत नाही, हे खरं. पण न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो, त्यामुळे तो केंद्रकात सहज शिरतो आणि अशाने जड मूलद्रव्यं घडत जातात. राक्षसी ताऱ्यांत हे सावकाश चालतं. बेरियम आणि बरंचसं शिसं त्यातलं. सोनं, प्लॅटिनम, युरेनियम यांना न्यूट्रॉनचा भडिमार लागतो. 17 ऑगस्ट 2017 रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (अतिघन मृत ताऱ्यांच्या) टकरीच्या गुरुत्वीय लहरी टिपल्या गेल्या, आणि तिथून आलेल्या प्रकाशात पुढे अशाच भडिमारातून घडलेल्या स्ट्रॉन्शियमची खूणही ओळखली गेली.

बेरिलियम आणि बोरॉन यांची तऱ्हाच वेगळी. ताऱ्यांच्या पोटात ती उलट नष्ट होतात. ती मुख्यतः अवकाशात घडतात, विश्वकिरणांच्या, म्हणजे अतिवेगवान कणांच्या, माऱ्याने कार्बन-ऑक्सिजनची केंद्रकं फुटून.