ठासणीच्या पिस्तुलात बार किती भरायचा?

अमेरिकेत ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या पिस्तुलाने व्हाइटटेल हरीण मारायचं म्हणतोस, तर आधी तुझ्या राज्याचा नियम वाच. कुठे पिस्तूल चालतच नाही, कुठे किमान कॅलिबर (नळीचा आतला व्यास) ठरवून दिलेलं असतं.

बाराचं, म्हणजे एका वेळी भरायच्या दारूचं म्हणशील तर कंपनीने दिलेली कमाल मर्यादा ही लक्ष्मणरेषा. काळी दारू किंवा तिचा मान्य पर्यायच वापर. बिनधुराची दारू चिमूटभरही नको, नळी फुटते. पॉइंट ५० कॅलिबरच्या पिस्तुलात सहसा ०.४९० इंची गोल गोळी घालतात, वजन साधारण १७७ ग्रेन, म्हणजे साडेअकरा ग्रॅम. पुस्तिकेतल्या सर्वांत हलक्या बारापासून सुरुवात कर आणि पाच-पाच ग्रेनने वाढव. आखूड नळीत जास्तीची दारू पुरती जळत नाही. धक्का वाढतो, वेग फारसा नाही. म्हणून जोरदार बारापेक्षा पाच गोळ्या झाडल्यावर पाचही तळहाताएवढ्या जागेत टाकणारा बार मी निवडतो.

बार उडाल्यावर गोळीभोवती गुंडाळलेली वंगण लावलेली चिंधी शोधून बघच. कडा जळून चिरफाळल्या असतील तर कापड पातळ आहे किंवा वंगण कमी पडतंय. गोळी ठासायच्या गजावर खूण करून ठेव: गोळी दारूवर टेकली की खूण नळीच्या तोंडाशी यायला हवी. ती वर राहिली तर मध्ये पोकळी आहे, आणि ती धोक्याची.

गोल गोळीचा जोर फार लवकर ओसरतो. तीस यार्डांच्या आत, हरीण आडवं उभं असेल तरच खांद्यामागे फुफ्फुसावर नेम धर. नाहीतर जाऊ दे त्याला. जखमी जनावर झाडीत तडफडत राहणं मला अजिबात सहन होत नाही.