नवी विनाइल रेकॉर्ड कडकडतेय, ठेवू की परत करू?
आधी धुऊन घे रे. नवी कोरी असली तरी कागदी स्लीव्हचा (आतल्या पाकिटाचा) कचरा आणि स्टॅटिक, म्हणजे स्थिर वीज, असतंच, बरीचशी टकटक तिथेच जाते. वरवरचे पुसट ओरखडे दिसतात पण ऐकू काहीच येत नाही, तर सोडून दे (भिंग घेऊन बसणारे लोक असतात, असो). थोडी वाकडी असली आणि सुई उडत नसेल तरी चालतं.

खरी डोकेदुखी म्हणजे नॉन-फिल, म्हणजे दाबताना खाचेत प्लास्टिक नीट भरलंच नाही, मग कापड टराटरा फाटल्यासारखा आवाज येतो, बऱ्याचदा एकाच स्पीकरमधून, आणि रेकॉर्ड तिरक्या उजेडात धरलीस तर बारीक चकचकीत ठिपक्यांची रांग दिसते. हे धुऊन जात नाही, सरळ बदलून माग. तसंच भोक मध्यावर नसेल तर सुईचा आर्म दर फेरीला डावीउजवीकडे डुलतो आणि पियानोचा लांब सूर हेलकावे खातो, मला तरी ते अजिबात सहन होत नाही. ३३ च्या स्पीडला (मिनिटाला ३३⅓ फेऱ्या) एक फेरी १.८ सेकंदांची, त्याच तालात टक येत असेल तर दोष एका जागी आहे, तिथे नीट बघ. बदलून आलेलीही तशीच निघाली तर अख्खी बॅचच खराब असू शकते, मग पैसेच परत घे.