पगार हे उत्पन्नच नाही?

प्रश्न : माझा भाचा टेक्सासला नोकरी करतो. त्याचा मित्र म्हणतो, 'रिटर्न ऐच्छिक आहे, पगार हे उत्पन्नच नाही. सगळीकडे शून्य लिहून पाठव.' भाचा डळमळलाय. काय करावं?
– एक टॉवेल कारखानदार, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : काका, आज रात्रीच फोन लावा आणि त्याला थांबवा. 'ऐच्छिक'चा अर्थ एवढाच, की हिशेब आधी करदात्याने स्वतः मांडायचा. कर देणं मर्जीवर नाही. अमेरिकेच्या १९१३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीपासून तर घटनेचाच भक्कम आधार आहे. शून्याचं रिटर्न गेलं, तर कर, व्याज आणि वर ५,००० डॉलर दंड बसू शकतो. चीक नावाचा वैमानिक याच समजुतीपायी सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९९१ मध्ये कोर्ट म्हणालं, कायदा प्रामाणिकपणे समजलाच नसेल तर ज्युरीने ते ऐकावं; पण 'कायदा घटनाबाह्य आहे' हे मत बचाव होत नाही. फेरखटल्यात तो दोषीच ठरला.

माझ्याकडे एक यंत्रमागवाले न उघडलेल्या नोटिशींची पिशवी घेऊन आले होते. फार जीव तुटला; व्याज तोवर चढतच होतं.

भाच्याचा आकड्यांवर खरा वाद असेल, तर बरोबर रिटर्न भरू दे. कमी कर भरल्याची अंतिम नोटीस आलीच, तर साधारण ९० दिवसांत टॅक्स कोर्टात जाता येतं, तेही आधी पैसे न भरता.