वाचकांचे प्रश्न : मनीचे वय झाले, की ती आजारी आहे?

प्रश्न : सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणीतरी सोडून दिलेली, हाडांचा सापळा झालेली मांजरी आम्ही काही वर्षांपूर्वी घरात घेतली. डॉक्टरांच्या अंदाजाने मनी आता बारा-तेरा वर्षांची असावी. अलीकडे ती फार पाणी पिते, भूक मंदावली आहे, खिडकीत उडी मारत नाही आणि कधीकधी ट्रेबाहेर लघवी करते. आम्ही शाकाहारी असल्यामुळे तिला दूध-पोळी देतो. सासूबाई म्हणतात, "वय झालं तिचं, उगाच सुया कशाला टोचायच्या?" अंग दुखत असेल तर आपल्याकडची तापाची अर्धी गोळी चालेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : पॅरासिटामॉल मुळीच देऊ नका. हे औषध पचवण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता जाते, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात आणि माणसाची एक गोळीदेखील जीव घेऊ शकते.

सासूबाईंना मनीची दगदग नको आहे, हे समजते. परंतु मांजर दुखणे लपवण्यात पटाईत असते आणि आपण ते वयाच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. या वयाच्या मांजराची तहान वाढली, ट्रेमधल्या ओल्या वाळूचे गोळे मोठे होऊ लागले आणि वजन उतरले, की पहिला संशय मूत्रपिंडांवर घ्यावा लागतो. मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता आली नाही म्हणजे शरीरातले पाणी निघून जाते आणि ते भरून काढण्यासाठी मांजर सारखे भांड्याकडे जाते. म्हणून तिचे पाणी कधीही तोडू नका. रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडांनी गाळून बाहेर टाकायचा टाकाऊ घटक) बरेच उशिरा, मूत्रपिंडांची बहुतांश क्षमता गेल्यावर वाढते, त्यामुळे रक्ताबरोबर लघवीची तपासणी करावी आणि रक्तदाबही मोजून घ्यावा, कारण तो फार वाढल्यास मांजराची दृष्टी अचानक जाऊ शकते. तहान मधुमेहातही वाढते आणि थायरॉइडच्या विकारातही, मात्र थायरॉइडमध्ये भूक बहुधा वाढलेली असते.

उडी न मारणे हे बहुतेक सांध्यांचे दुखणे असावे. अशी मांजरे क्वचितच लंगडतात. ती उंच जागा सोडतात आणि कंबर वळवून चाटणे जमेनासे झाल्यामुळे पाठीच्या मागच्या भागावर केसांच्या गुठळ्या होतात. तिथे हात फिरवून पाहा. ट्रेची एक बाजू कापून चारेक बोटे उंचीची ठेवली आणि खिडकीखाली स्टूल ठेवले, तर तिची अर्धी अडचण तिथेच मिटेल. ट्रेबाहेरची लघवी हा हट्ट नव्हे, त्यासाठी तिला रागावू नका. हिरड्या आणि दात डॉक्टर पाहतीलच.

आता दूध-पोळीविषयी. शाकाहारी घरात मांजर सुखाने राहू शकते, पण त्याला आपल्या ताटातले वाढून चालत नाही. मांजराला टॉरिन हा घटक आहारातूनच मिळावा लागतो. तो मांस-मासळीत असतो, पोळीत नसतो, आणि त्याच्या अभावी डोळ्यांचा पडदा व हृदयाचे स्नायू खराब होतात. दूधही बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही. मांस हाताळणे नको असेल, तर मांजरांसाठीचे तयार ओले खाद्य आणा, त्यातून पाणीही पोटात जाते. मूत्रपिंडांचा आजार निघाला, तर डॉक्टर कमी फॉस्फरसचे वेगळे खाद्य सांगतील. मात्र कोणताही बदल जुन्या खाण्यात थोडे थोडे मिसळून करा, कारण दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठून नवेच संकट उभे राहते.

सुयांची धास्ती एका बाबतीत तरी कमी करता येईल. गरज पडल्यास खांद्यांमधली सैल कातडी उचलून तिच्याखाली सलाईन देण्याची पद्धत डॉक्टर तुम्हाला शिकवतील, आणि बरीच मांजरे तेवढा वेळ मांडीवर शांत बसतात. आजार लवकर सापडला तर अशा मांजरांना पुढे काही वर्षेही बरी जातात. फार पुढे गेलेला असेल तर तपासण्यांचा सोस न करता दुखणे आणि मळमळ कमी ठेवण्यावर भर द्यावा, हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. मनीला याच आठवड्यात न्या आणि निघण्यापूर्वी दिवसभर तिने किती पाणी प्यायले ते मोजून लिहून ठेवा.