मुलगी अक्षरं न्याहाळत बसते

प्रश्न : मुलगी अकरावी सायन्सला आहे, मार्क बरे पडतात. पण पुस्तक हातात घेतलं की मजकूर बाजूलाच राहतो, ती नुसती अक्षरं बघत बसते. लग्नपत्रिका, जुनी पंचांगं जमवते. 'मला अक्षरंच काढायचीत' म्हणते. यावर पोट भरतं का? – एक आई, मिरज

उत्तर : ताई, आज रात्री तिच्याजवळ बसा. जुन्या पुस्तकातला 'ल' आणि मोबाईलवरचा 'ल' शेजारी ठेवून 'काय वेगळं दिसतं?' एवढंच विचारा. आपल्या मराठी वळणाच्या 'ल'ला दोन पाकळ्या असतात. मोबाईलवर बहुधा हिंदी वळणाचा, दंड धरून उभा असलेला 'ल' येतो. हे तिने न सांगता ओळखलं, तर तिची नजर तयार होते आहे. मला तर याचा फार आनंद होईल.

जावजी दादाजींनी 1869 साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या खिळ्यांचं, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांचं, छापील पान मिळालं तर तिला भिंगातून बघू द्या. त्या काळी प्रत्येक अक्षर आधी पोलादावर उलटं कोरावं लागे. शिवाय इंग्रजीत लहान-मोठी मिळून 52 अक्षरं. देवनागरीत जोडाक्षरं धरली की काम कित्येक शेकड्यांवर जातं. आज कोरणं गेलं, संगणक आला, पण चिकाटी तेवढीच लागते.

आता पोटाचं. फक्त फाँट, म्हणजे संगणकावरचे अक्षरसंच, घडवण्याच्या नोकऱ्या थोड्या आहेत, हे तिलाही स्पष्ट सांगा. बहुतेकजण आधी जाहिरात, पुस्तकांची मांडणी, पॅकेजिंग किंवा अ‍ॅपच्या डिझाइनमध्ये कमावतात आणि अक्षरांकडे वळतात. विंडोजमधला 'मंगल' फाँट करणारे र. कृ. जोशी मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात शिकले, जाहिरात क्षेत्रात राहिले, मग आयआयटी मुंबईत शिकवू लागले. 'मुक्ता' आणि 'बालू' हे फाँट मुंबईच्याच 'एक टाइप' या संस्थेचे. म्हणजे हे काम आपल्याकडे होतं, त्यासाठी परदेश गाठायला नको.

सायन्स सोडायला लावू नका. डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड (आयआयटींची डिझाइन प्रवेश परीक्षा) आणि एनआयडीच्या (राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या) परीक्षा कोणत्याही शाखेच्या बारावीवर देता येतात. जेजेच्या उपयोजित कलेचे नियम त्या वर्षीच्या पत्रकात बघा. तोवर तिने रोज एकच अक्षर बोरूने काढावं, पन्नास वेळा, आणि तारीख घालून वही जपावी. पोर्टफोलिओ मागितला तर हीच वही पुढे ठेवता येईल. यूसीड जानेवारीत असते आणि अर्ज आदल्या ऑक्टोबरच्या सुमारास भरायचे असतात. बारावीतला तो ऑक्टोबर चाचणी परीक्षांच्या धांदलीत निसटतो, म्हणून आत्ताच कॅलेंडरवर खूण करून ठेवा.