नातू आमचा, पण ती सून नाही?

प्रश्न : वकीलताई, माझा मुलगा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, कामाला कोईमतूरला असतो. तिथंच नर्सिंग करणाऱ्या मिरजेच्या एका मुलीबरोबर चार वर्षं राहिला. जात वेगळी म्हणून आम्ही लग्नाला होकार दिला नाही, त्यांनीही केलं नाही. नातू तीन वर्षांचा आहे. जन्मदाखल्यावर बापाचंच नाव आहे. गेल्या वर्षी दोघांचं फिसकटलं आणि ती लेकराला घेऊन माहेरी आली. दिवाळीत चार दिवसांसाठी म्हणून तिनं त्याला आमच्याकडं सोडलं, ते आम्ही परत पाठवलंच नाही. ती आमची सून नाही, पण नातू आमच्या रक्ताचा आहे. आता ती पोलिसात जाते म्हणते. आमचा हक्क किती?
– एक आजी, विटा

उत्तर : आजी, तुमचं पत्र दोनदा वाचलं. ती सून नाही आणि नातू मात्र आमचा, ही दोन्ही वाक्यं घरात एका दमात म्हणता येतात. कोर्टात यातलं एक सोडावं लागतं.

लग्न नव्हतं म्हणालात, तर १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम ६ लागतं. अशा मुलाची नैसर्गिक पालक आधी आई, तिच्यामागं बाप. कायद्यात अशा लेकराला 'अनौरस' म्हटलंय. मला तो शब्द लिहायलाही नको वाटतो, पण क्रम मात्र तिथं स्पष्ट आहे. दाखल्यावरच्या नावानं तो बदलत नाही. २०१५ मध्ये तर सुप्रीम कोर्टानं एका अविवाहित आईला, बापाला नोटीस न देता, पालकत्वाचा अर्ज चालवायची मुभा दिली.

बरं, चार वर्षं नवरा-बायकोसारखे राहिले म्हणजे लग्नच समजा, असा दावा केलात तर? तो टिकला तर बाप पहिला पालक होईल. पण त्याच कलमात पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडं ठेवावं, असंही लिहिलंय. शिवाय मग ती तुमची सून ठरते. ते चालेल का तुम्हाला?

पोलिसांचं विचारलंत. अपहरणाच्या कलमात, आपण अशा मुलाचा बाप आहोत असं प्रामाणिकपणे मानणाऱ्याला सूट आहे. आजीचा त्यात उल्लेख नाही. मुलगा कोईमतूरला आणि लेकरू तुमच्या कडेवर, तेव्हा त्या सुटीवर भिस्त ठेवू नका.

तुमच्या मुलाला काहीच दार उघडं नाही असं नाही. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली तो अर्ज करू शकतो, भेटीचे दिवस मागू शकतो. तिथं रक्ताआधी लेकराचं हित बघतात. मात्र 'चार दिवस म्हणून आणलं आणि अडवून ठेवलं' हे तिच्या वकिलानं पहिल्याच तारखेला सांगितलं, की तुमची बाजू तिथंच लंगडी पडते. हे मी सांगलीच्या विजयनगरच्या कोर्टात पाहिलंय. भेटीला आणलेलं पोर बापाकडं न बघता दाराकडंच बघत बसतं, तेही पाहिलंय.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी सांगते. लग्न असो-नसो, बापाला मुलाची पोटगी द्यावीच लागते. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४. मुलानं तिला वर्षभरात काही पाठवलंय का? नसेल तर आजपासून बँकेतून पाठवायला सांगा. पुढं भेटीचा अर्ज केला, तर ती नोंद त्याच्या कामी येईल.

बाईमाणसाला मिळकत न बघता सरकारी खर्चानं वकील मिळतो, तिलाही आणि तुम्हालाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, समेटाची बैठक मागा, सणासुदीच्या भेटी कागदावर लिहून घ्या. पण त्याआधी तिला फोन करा आणि लेकराला तुम्ही स्वतः मिरजेला नेऊन सोडा. जाताना लसीचं कार्ड तुमच्याकडं राहिलं असेल, तर तेही पिशवीत घाला.